मुलींच्या ड्रिल पथकात एकी येते कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मुलींच्या एनसीसीची जबाबदारी नव्यानं आलेल्या मॅडम विचारतात, "मुली गुणी आहेत, एकेकीचं ड्रिल बघितलं तर छान आहे. पण पथक म्हणून उभं केलं की रांग मोडते. गट पडलेत, रुसवेफुगवे चालतात. कायम नंबर काढणाऱ्या पथकांत मुली एकमेकींवर जीव टाकताना दिसतात. ती एकी आधी कशी आणायची? सहल काढू, की कुणाचं व्याख्यान ठेवू?"

मॅडम, सहल जरूर काढा. पन्हाळ्याला न्या, पोरी खूश होतील. पण जाताना ज्या चौघी एसटीत मागच्या सीटवर बसतील, त्याच चौघी येतानाही मागच्याच सीटवर असतील. व्याख्यानाचं तर बोलायलाच नको. मुलींची पथकं उभी करण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि माझं मत पक्कं झालंय, की एकी आधी आणून मग ड्रिल सुधारत नाही. ड्रिल नीट शिकवलं की त्यातूनच एकी येते. एनसीसीच्या ब्रीदवाक्यात एकता आधी आहे आणि अनुशासन नंतर. मैदानावर मात्र दोन्ही उलट्या क्रमानं येतात, एवढं लक्षात ठेवा.

सुरुवात कदवार उभं करण्यापासून करा. "लंबा दाहिने, छोटा बाएँ" म्हणून सगळ्यांना एका रांगेत घ्यायचं, गिनती करायची, विषम एक पाऊल पुढे, सम एक पाऊल मागे, आणि मग तीन रांगा करायच्या. सगळ्यात उंच मुली दोन्ही टोकांना जातात, बुटक्या मधे येतात. हे प्रत्येक मॅन्युअलमध्ये आहे आणि बहुतेक जण एकदा करून विसरतात. तुम्ही सुरुवातीचे काही आठवडे रोज करा. मुली जून-जुलैत भराभर वाढतात म्हणून नव्हे, तर मैत्रिणींचे गट त्यात आपोआप सुटतात म्हणून. तुम्ही नावं घेऊन "तू इकडे, तू तिकडे" केलंत, की मॅडमनी आम्हाला तोडलं असं होतं. उंचीनं तोडलं तर तक्रार कुणाकडे करणार? राजारामपुरीतली इंग्लिश मिडियमची मुलगी आणि गगनबावड्याच्या बाजूनं रोज एसटीनं येणारी मुलगी एरवी कॅन्टीनमध्ये कधी एका टेबलावर बसल्या नसत्या. इथं त्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात, आणि काही दिवसांनी एकमेकींचं पाऊल अंगवळणी पडतं.

आता रांग मोडते त्याबद्दल. तुमच्या प्रश्नातला खरा दुखरा भाग हाच आहे, आणि बरीचशी भांडणंही इथूनच निघतात. "दाहिने सज" म्हटलं की प्रत्येक मुलगी उजवीकडच्या मुलीवरून स्वतःची जागा ठरवते. चालतानाही तेच असतं, फक्त मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून. म्हणजे चूक नेहमी उजवीकडून डावीकडे सरकत जाते. तिसरी मुलगी चार बोटं पुढे गेली की चौथी तिच्याशी जुळवून घेते, पाचवी चौथीशी, आणि सातव्या-आठव्या मुलीपाशी रांग बाहेर फुगलेली दिसते. शिकवणारा ओरडतो सातवीवर. ती बिचारी बरोबर असते! तिनं तिचं काम केलंय, शेजारणीशी सज घेतलाय. रोज असं बोलणं खाल्लं की ती शेजारणीवर चिडते, ती तिच्या शेजारणीवर, आणि आठवडाभरात पथकात दोन पार्ट्या होतात. तेव्हा रांग जिथं वाकडी दिसते तिथं बघू नका. उजव्या टोकापासून बघत या, आणि पहिली चूक जिथं सापडेल तिथंच थांबा. रुसवे निम्म्यानं कमी होतात हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

यावरूनच कळेल, की उजव्या टोकाची मुलगी, म्हणजे दाहिना दर्शक, ही पथकातली सगळ्यात महत्त्वाची निवड आहे. कमांडरपेक्षाही. आपण काय करतो, तर सगळ्यात उंच, देखणी, ताठ मुलगी तिथं उभी करतो. ती दिमाखात लांब टांगा टाकते आणि मधल्या पाच फुटी पोरी तिच्या मागं धावतात. तेज चालीचं, म्हणजे संचलनातल्या नेहमीच्या चालीचं, पाऊल ३० इंचांचं धरलेलं आहे, म्हणजे साधारण ७५ सेंटिमीटर, आणि वेग मिनिटाला १२०च्या आसपास. पाच फूट उंचीच्या मुलीला ३० इंच सहज येत नाहीत. कंबरेपासून पाय टाकायची सवय लागली की येतात. ती सवय लागेपर्यंत ती पुढे झुकते, खांदे हलतात, हाताची उंची जाते. म्हणून दर्शक अशी हवी, जी सगळ्यात बुटक्या मुलीच्या पायानं चालेल आणि रोज तेवढंच चालेल. सिमेंटच्या कोर्टवर ३० इंचांवर खडूच्या रेघा मारा आणि पाच-सहा जणींना एकेकटं चालवून बघा. दहाव्या रेघेवरही जिचा पाय रेघेवरच पडतो ती तुमची दर्शक. बहुतेक वेळा ही मुलगी अबोल निघते.

आणि सलामीची गंमत बघा. "दाहिने देख" झालं की सगळं पथक मान उजवीकडे वळवतं. उजव्या टोकाची मुलगी मात्र समोरच बघत राहते, कारण तिनंही मान वळवली तर सरळ रेघ कोण धरणार? मंचावर कोण पाहुणे उभे होते हे तिला शेवटपर्यंत दिसत नाही. हे सगळ्या मुलींना एकदा समजावून सांगा. मी एकदा सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, "म्हणजे आपण हिच्या डोळ्यांनी चालतो की गं!" त्या दिवसापासून त्या दर्शक मुलीच्या बुटांना पॉलिश करायला रोज कुणीतरी वेगळी पुढं यायची. मला ते थांबवावं लागलं, ज्याचे बूट त्यानं पॉलिश करायचे हा नियम आहे म्हणून.

चूक कोणी कोणाला सांगायची, हा पुढचा मुद्दा. जिंकणाऱ्या पथकातल्या मुली एकमेकींवर जीव टाकतात असं तुम्हाला दिसलं, ते खरं आहे. पण त्यांच्या मधल्या सुट्टीत कान देऊन ऐका. त्या एकमेकींचं कौतुक करत नसतात, चुका सांगत असतात. फक्त त्या सांगण्याला एक वळण लागलेलं असतं. मी नियम असा ठेवते: प्रत्येक फेरीनंतर मिनिटभर थांबायचं. प्रत्येकीनं आपल्या उजवीकडच्या मुलीला एकच गोष्ट सांगायची, तीही शरीराच्या अवयवाची. कोपर, मूठ, टाच, नजर. "तू नेहमीच", "तुला कितीदा सांगितलं" असलं काही नाही. आणि ऐकणारीनं कारण द्यायचं नाही.

"मूठ उघडायला लागलीय तुझी."

"व्हय गं, आवळतो."

एवढंच. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, हसतात, लाजतात. पंधरवड्यात रुळतं. सीनिअर अंडर ऑफिसरलाही, म्हणजे कॅडेट मुलींतल्या सगळ्यात वरच्या हुद्द्याच्या मुलीलाही, फर्स्ट इयरच्या मुलीकडून ऐकून घ्यावं लागतं, आणि ते तिनं सगळ्यांसमोर घेतलं की बाकीच्यांचा ताठा आपोआप उतरतो. तुम्ही स्वतः त्या मिनिटात काही बोलू नका. हे सगळ्यात अवघड आहे, माझ्यासारख्या बडबडीला तर फारच.

"दाहिने घूम", म्हणजे चालता चालता सगळी रांग उजवीकडे वळवणं, हा प्रकार एकीच्या दृष्टीनं मला फार आवडतो. वळताना आतल्या बाजूच्या मुलीनं पाऊल आखडायचं, जवळजवळ कदमताल, म्हणजे जागच्या जागी पावलं टाकणं, केल्यासारखं, आणि बाहेरच्या मुलीनं लांबवायचं. ठेका मात्र दोघींचा एकच. आतलीला वाटतं बाहेरची मागं पडतेय, बाहेरचीला वाटतं आतली पळतेय, आणि दोघी एकमेकींवर डोळे वटारतात. उपाय सोपा आहे. आठवडाभर जागा उलटसुलट करा, आतलीला बाहेर काढा. आपल्या शेजारणीला काय करावं लागतं ते पायाला कळलं की तोंड बंद होतं. स्पर्धेआधी मात्र पुन्हा ठरलेल्या जागी आणा.

कोल्हापूरच्या मुलींबद्दल एक खास गोष्ट. आपल्याकडे लेझीम, झांज पथक, मर्दानी खेळ यांतून आलेल्या मुली बऱ्याच असतात. ठेका त्यांच्या अंगातच असतो, दमही असतो, शिकवायला आनंद वाटतो. पण लेझीमवालीच्या गुडघ्यात एक लवचीक उसळी असते आणि मर्दानी खेळवाली कंबरेत किंचित बसून चालते. ड्रिलमध्ये दोन्ही चालत नाहीत, गुडघा ताठ हवा आणि टाच आधी टेकायला हवी. त्यांना "चुकतंय" म्हणू नका. त्या खेळात ते बरोबरच असतं. "इथं गुडघा बांध, तिथं सोड" असं सांगा, दोन दिवसांत करतात. झांज वाजवलेली मुलगी मिळाली तर तिला ठेका मोजायला द्या. मोबाइलवरच्या मेट्रोनोमपेक्षा भरवशाची निघते, आणि बॅटरीही संपत नाही.

पाऊस हा आपला मोठा विरोधक. तयारी सुरू होते जूनमध्ये, आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत मैदान म्हणजे चिखल. व्हरांड्यात कदमताल, मुडणं (जागेवर वळणं), सलामी आणि हुकमाचा आवाज एवढंच होऊ शकतं. होऊ द्या. उलट, जागेवरचं ड्रिल पक्कं करायला पाऊस बरा. फक्त उघडीप मिळाली की ज्या जमिनीवर स्पर्धा आहे तशाच जमिनीवर एकदा तरी चालवा. कॉलेजच्या सिमेंटवर टाचांचा आवाज ऐकून पाय जुळतात. पोलीस परेड ग्राउंडसारख्या मोकळ्या मातीवर तो आवाज येत नाही, मग मुली घाबरून खाली बघतात. वेळेचं म्हणाल तर सरावाची वेळ मैदान ठरवत नाही, शेवटची एसटी ठरवते. बारावीपर्यंतच्या गावाकडच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे, मोठ्यांना अर्धं तिकीट. पैशाचा प्रश्न थोडा सुटला, पण गाडी चुकली की घरी काय उत्तर द्यायचं हा सुटलेला नाही. सराव रोज ठरल्या मिनिटाला संपवा. "अजून एकच फेरी" हा मोह टाळा. जिला गाडी गाठायचीय ती त्या फेरीत पथकात नसते, फक्त शरीरानं असते. सुरुवातीलाच एकदा पालकांना मैदानावर बोलवून सराव दाखवा. आई येऊन बघून गेली की पुढं परवानगीचे फोन कमी होतात.

तब्येतीबद्दल थोडं स्पष्ट लिहिते, कारण पुरुष प्रशिक्षक हे बोलत नाहीत आणि मुली विचारत नाहीत. परेडला मुली चक्कर येऊन पडतात ते नाजूक असतात म्हणून नव्हे. सावधानमध्ये गुडघे मागं आवळून बराच वेळ न हलता उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, मेंदूकडे कमी जातं आणि मुलगी कोसळते. त्यात सकाळी न खाता आलेली असेल, आधीच अंगात रक्त कमी असेल, तर लवकर. बुटाच्या आत पायाची बोटं हलवत राहायला शिकवा, बाहेरून दिसत नाही. वजन टाचेवरून चवड्याकडे घ्यायला सांगा. घरून चहावर निघालेल्या मुलीला आधी राजगिऱ्याचा लाडू किंवा शेंगदाणे-गूळ खायला घाला, मग रांगेत घ्या. पाळीच्या दिवसात जिला बसायचंय ती बसेल, कारण विचारायचं नाही. आणि मैदानाजवळ स्वच्छतागृह कुठं आहे हे सरावाच्या आधी तुम्ही बघून ठेवायचं. ते नसेल तर मुली पाणीच पीत नाहीत, आणि मग पुन्हा चक्कर. नवे बूट स्पर्धेच्या आठवड्यात काढू नका. दोन-तीन आठवडे आधी घालून पायाला बसवावे लागतात, नाहीतर टाचेचे फोड पथकाला लंगडवतात.

राखीव मुलींकडे येऊ. २४ मुली, एक कमांडर आणि तीन राखीव असं पथक धरा. त्या तिघींना झाडाखाली बसवून ठेवलं, की तिथंच पथकाची तिसरी पार्टी जन्माला येते. माझी पद्धत अशी की राखीव मुलगी रोज वेगळ्या जागी आत येते आणि तिथली बाहेर थांबते. बाहेर थांबलेलीनं समोरून किंवा बाजूनं बघायचं आणि फेरी झाल्यावर काय दिसलं ते सांगायचं. आतून कधीच न दिसणाऱ्या गोष्टी बाहेरून दिसतात: समोरून बघितलं की मागची मुलगी पुढचीच्या पाठीआड लपते का, बाजूनं बघितलं की हात एका उंचीवर येतात का. परीक्षकही हेच बघत असतात. शेवटी राखीव मुली सगळ्या जागा जाणणाऱ्या होतात. स्पर्धेच्या दिवशी मैदानात उतरण्याआधी प्रत्येकीची टोपी, अंबाड्याची जाळी, लेस, पट्ट्याचं बक्कल तपासायचं काम त्यांचंच. तो शेवटचा हात त्यांचा असतो, आणि नंबर आला की फोटोत त्या कडेला उभ्या राहत नाहीत.

कमांडर निवडताना मोठ्या आवाजाला भुलू नका. हुकमाचे दोन भाग असतात, "तेज" आणि "चल", आणि मधली थांबण्याची लांबी दर वेळी तेवढीच हवी. मुली त्या थांबण्यावर जगतात. आज लांब, उद्या आखूड असं झालं की अर्ध्या मुली आधी उचलतात. किंचाळणारीपेक्षा पोटातून बोलणारी, आणि गडबड झाली तरी हुकूम घाईत न देणारी मुलगी शोधा. दोन-तीन जणींना महिनाभर आलटूनपालटून देऊन बघा. मुलींना स्वतःलाच कळतं कोणाच्या आवाजावर पाय सहज उचलतो. त्यांना विचारा, मैत्रिणीचं नाव सांगत नाहीत, बरोबर नाव सांगतात.

आता यशाची एक कडू बाजू. दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिराची, म्हणजे आरडीसीची, निवड एकेका मुलीची होते, पथकाची नाही. टप्प्याटप्प्यानं शिबिरं होत जातात आणि दर टप्प्यावर मुली गळतात. एनसीसीच्या महाराष्ट्र संचालनालयानं २०२२ ते २०२४ सलग तीन वर्षं पंतप्रधान बॅनर, म्हणजे या शिबिरातला सर्वोत्तम संचालनालयाचा मान, आणला, तेव्हा इथल्या स्पर्धेचा कस काय असतो हे वेगळं सांगायला नको. २०२४च्या संचलनात कर्तव्यपथावर तिन्ही सेनादलांची फक्त महिलांची एकत्र तुकडी चालली, त्यानंतर तर घरोघरी मुली "मलाही जायचंय" म्हणायला लागल्या. चांगलंच आहे. पण तुमच्या पथकातल्या दोन जिवलग मैत्रिणी एकाच जागेसाठी धडपडतात, एक पुढं जाते, एक परत येते, आणि परत आलेली चार दिवस मैदानावर येत नाही. तिला समजावायला जाऊ नका. ती आली की तिच्याकडे एक रांग सोपवा. शिबिरात ती नवं बरंच काही शिकून आलेली असते, हात खांद्याच्या रेषेत कसा थांबवायचा, मुडताना पाय किती उचलायचा. ते ती पथकाला शिकवू लागली की तिचं दुःख कामाला लागतं आणि पथकाची पातळी वाढते. जी पुढं गेली तिलाही परतल्यावर हेच करावं लागतं, आरडीसीचा ब्लेझर घालून मिरवण्याआधी.

न्यूझीलंडमध्ये मुलींचं मार्चिंग हा १९३०च्या दशकापासून रुजलेला स्वतंत्र स्पर्धेचा खेळ आहे. १९४५मध्ये त्याची राष्ट्रीय संघटना झाली, आणि तिथं लहान मुलींपासून आजीच्या वयाच्या बायकांपर्यंत संघ असतात. आपल्याकडे तसं नाही. एनसीसीच्या परीक्षांचं बी सर्टिफिकेट, सी सर्टिफिकेट झालं की मुलगी बाहेर, आणि दर जूनला पथकाचा मोठा हिस्सा नवा. तेव्हा यंदा जमलेली एकी पुढच्या वर्षी आयती मिळेल अशी आशा धरू नका. जाणाऱ्या मुलींकडून एकच काम करून घ्या. निरोप समारंभाचं केकबिक झाल्यावर प्रत्येकीनं आपल्या जागी येणाऱ्या नव्या मुलीशेजारी उभं राहून काही सराव करायचे.

शेवटी स्पर्धेच्या दिवसाचं. आदल्या दिवशी नवीन काही शिकवू नका, एक हलकी फेरी आणि लवकर घरी. मुलींना एकच गोष्ट बजावा: काहीही पडलं तरी चालत राहायचं. एनसीसीच्या एका ग्रुप स्पर्धेत आमच्या मधल्या रांगेतल्या एका मुलीची टोपी वळणावर पडली. मागच्या मुलीनं ती ओलांडताना पाऊल तसूभरही लांबवलं नाही, आणि पुढच्या कुणाचीही मान हलली नाही. गुण कापले गेलेच, टर्नआउटमध्ये, म्हणजे पोशाखाच्या नेटकेपणात, कापणारच. बाहेर आल्यावर टोपीवाली रडायला लागली, "माझ्यामुळं गेलं, मी जाळी नीट लावलो नाही." तिची टोपी तपासणारी राखीव मुलगी पुढं आली आणि म्हणाली, "जाळी मी बघितलतो. माझं बी हाय त्यात." मग दोघी मिळून पिना कुठल्या घ्यायच्या यावर वाद घालत बसल्या, आणि बाकीच्या मिसळ खायला कुठं जायचं यावर. त्या वर्षी आमचा दुसरा नंबर आला. तुम्ही उद्या सकाळी मैदानावर गेलात की आधी खडू घेऊन रेघा मारा आणि दर्शक शोधा. कमांडर आठवडाभर थांबू शकते.